निळ्या छापाची जुनी इंग्रजी भांडी : ओळख, पारख आणि संग्रह

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : सावंतवाडीजवळच्या आजोळच्या घरातून आपल्याकडे दोन निळी-पांढरी भांडी आली आहेत. पहिली एक मोठी लंबगोल थाळी आहे. तिच्यावर घुमट असलेली इमारत, नदी आणि झाडे यांचे चित्र आहे, पण मागे कोणत्याही कारखान्याचे नाव नाही. दुसरी एक बशी आहे. तिच्यावर पूल, पुलावरून जाणारी तीन माणसे आणि वर उडणारे दोन पक्षी दिसतात आणि मागे ‘इंग्लंड’ एवढा एकच शब्द छापलेला आहे. ही भांडी खरोखर जुनी आहेत का, किती जुनी आहेत, आणि यांच्यापासून सुरुवात करून अशा भांड्यांचा संग्रह करायचा झाल्यास तो कसा करावा, असे आपण विचारले आहे.

बशीचे उत्तर सोपे आहे. हा ‘विलो’ नमुना होय. अमेरिकेच्या 1890 च्या आयात शुल्क कायद्याने, ज्याला मॅकिन्ली टॅरिफ म्हणतात, परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे केले आणि 1891 पासून इंग्रज कारखानदार भांड्यांमागे ‘इंग्लंड’ हा शब्द नियमितपणे छापू लागले. म्हणून आपली बशी बहुधा 1891 नंतरची आहे. ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण शब्द असते, तर ती विसाव्या शतकातली मानावी लागली असती. थाळीची गोष्ट वेगळी आहे. आपण केलेल्या वर्णनावरून ती 1810 ते 1835 या काळातील असू शकते, आणि तशी ती निघाल्यास बशीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची ठरेल. परंतु हे नाव शोधून ठरत नाही, भांडे कसे तयार झाले याच्या खुणा वाचून ठरते. या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक लोक आधी भांडे पालथे करून शिक्का शोधतात. माझा सल्ला असा की शिक्का सर्वात शेवटी पाहावा.

त्यासाठी ही भांडी छापली कशी जात, हे नीट समजून घेतले पाहिजे. कोरीवकाम करणारा कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चित्र रेषांनी आणि टिंबांनी कोरत असे. मुद्रक तो पत्रा शेगडीवर गरम करी, उकळून दाट केलेल्या तेलात कालवलेला कोबाल्टचा रंग त्यावर चोळून कोरलेल्या खाचांत भरी, वरचा रंग सुरीने खरवडून काढी आणि कॉर्डरॉयच्या गादीने पत्रा स्वच्छ पुसून घेई. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला अतिशय पातळ कागद त्यावर ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांतून काढला जाई आणि रंग कागदावर उतरे. येथून पुढचे काम स्त्रियांचे असे. एक मुलगी कागदातून मधले चित्र आणि काठाच्या पट्ट्या कापून वेगळ्या करी. अनुभवी बाई ते तुकडे एकदा भाजून निघालेल्या, झिलई म्हणजे काचेसारखा चकाकणारा लेप न दिलेल्या भांड्यावर बसवी, आणि तिची मदतनीस राठ केसांच्या कुंच्याने कागद जोर लावून घासे. मग भांडे पाण्यात बुडवले की कागद सुटून येई आणि तेलकट रंग भांड्यावर राही. मंद भट्टीत तेल जाळून टाकल्यावर भांडे झिलईत बुडवून पुन्हा हजार अंश सेल्सिअसच्या पुढे भाजले जाई. चित्र झिलईच्या खाली राहते ते यामुळेच, आणि दोनशे वर्षे जेवणाखाण्यात वापरूनही ते पुसले जात नाही.

आता आपल्या थाळीचा काठ पाहा. काठाची नक्षी सलग दिसत असली तरी ती कागदाच्या दोन, तीन किंवा अधिक पट्ट्या एकमेकींना भिडवून पुरी केलेली असते. या पट्ट्या जिथे मिळतात तिथे एखादे फूल अर्धेच कापलेले, पान पानावर चढलेले किंवा मध्ये केसभर पांढरी फट राहिलेली आढळते. कागदाला सुरकुती पडली असेल तर त्या जागी पांढरी रेघ उमटते. असा सांधा सापडला की छाप हाताने बसवला गेला, याचा तो भक्कम पुरावा असतो. मात्र सांधा आहे म्हणून भांडे जुनेच, असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिडलपोर्ट पॉटरीत ‘बर्ली’ची भांडी आजही पातळ कागदावरूनच छापली जातात.

यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. तांब्याच्या पत्र्यावरून आलेल्या चित्रात रेषा सुरुवातीला बारीक, मध्ये जाड आणि टोकाला पुन्हा बारीक होतात, आणि टिंबे कमी-अधिक आकाराची व कारागिराच्या हाताप्रमाणे विखुरलेली असतात. आधुनिक छापील स्टिकरवरच्या चित्रात मात्र टिंबे एकसारख्या जाळीत, रांगेत बसलेली दिसतात किंवा रेषांच्या कडा निर्जीवपणे सरळ असतात. सुरुवातीच्या, म्हणजे साधारण 1800 पर्यंतच्या भांड्यांवर जवळजवळ सर्व काम रेषांचे आहे आणि त्यामुळे निळा रंग जड, एकसुरी वाटतो. पुढच्या दशकात कारागीर रेषांबरोबर टिंबे मोठ्या प्रमाणात वापरू लागले. आकाश, पाणी आणि दूरचे डोंगर यांत फिकट-गडद छटा आल्या. त्याच सुमारास यंत्रावर बनणारा पातळ व चिवट कागद मिळू लागल्याने बारीक कामही भांड्यावर नीट उतरू लागले. आपल्या थाळीवरचे आकाश हलक्या टिंबांनी भरलेले असेल, तर ती 1805 च्या आधीची असण्याची शक्यता फार कमी आहे.

तिसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे माती आणि झिलई. जोसाया वेजवूड यांनी 1779 मध्ये ‘पर्ल व्हाइट’ या नावाने जे शुभ्र भासणारे भांडे बाजारात आणले, तशा प्रकारच्या मातीकामाला आज पर्लवेअर म्हणतात. त्याच्या झिलईत किंचित कोबाल्ट असल्यामुळे जिथे झिलई साचते, उदाहरणार्थ तळाच्या कड्याच्या आतल्या कोपऱ्यात किंवा कानाच्या सांध्यात, तिथे स्पष्ट निळसर झाक दिसते. ही झाक दिसणे हे 1780 ते 1830 या काळाचे चांगले लक्षण आहे. त्याशिवाय भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तीन टोकांच्या मातीच्या तिवईवर ठेवत. त्या टोकांचे बारीक, बोटाला टोचणारे ओरखडे काठाच्या खालच्या बाजूला तीन ठिकाणी असतात. तळ पूर्ण सपाट, वजन आकाराच्या मानाने हलके आणि झिलई किंचित लहरदार असेल तर थाळी जुनी असण्याकडे कल जातो. वापराचे ओरखडेही पाहावेत, पण ते सुरीच्या नैसर्गिक हालचालीप्रमाणे वेगवेगळ्या दिशांनी गेलेले असावेत. मळ चोळून किंवा चहाचे पाणी मुरवून आणलेले जुनेपण तड्यांत एकसारखे तपकिरी दिसते आणि जिथे हात वा सुरी कधी पोहोचत नाही तिथेही असते.

रंगाबद्दल दोन शब्द. झिलईखाली भट्टीचा ताप सहन करणारा खात्रीचा रंग प्रारंभी फक्त कोबाल्टचा निळा होता. हिरवा, गुलाबी, तपकिरी, जांभळा हे रंग झिलईखाली छापण्याचे तंत्र 1820 च्या दशकाच्या अखेरीस रुळले. म्हणून हिरव्या किंवा गुलाबी छापाचे भांडे कुणी 1800 चे म्हणून विकत असेल तर तेथून उठून यावे. कडा पसरलेला, धुरकट निळा रंग, ज्याला ‘फ्लो ब्लू’ म्हणतात, तो 1830 च्या दशकापासूनचा आहे. भट्टीतील बंद पेटीत क्लोरीनयुक्त द्रव्ये ठेवून तो परिणाम मुद्दाम साधला जात असे.

हे सगळे इंग्लंडमध्येच एवढे का बहरले, हे समजले तर कोणते भांडे कुठे बसते ते आपोआप कळू लागते. लिव्हरपूलचे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी 1756 मध्ये शपथपत्र करून सांगितले होते की, 27 जुलै रोजी सहा तासांत आम्ही बाराशेहून अधिक टाइल्स छापल्या. हाताने रंगवून असा वेग साधणे कुणालाच शक्य नव्हते. हे छाप मात्र झिलईच्या वर होते. झिलईखालचा निळा छाप त्यानंतर लवकरच वूस्टर येथे आणि पुढे श्रॉपशरमधील कॉगली येथे पोर्सलिनवर सुरू झाला. 1784 मध्ये चहावरचा कर 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला, त्यामुळे चहा सामान्य घरांत पोहोचला आणि त्याबरोबर कप-बश्यांची मागणी वाढली. 1791 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चिनी पोर्सलिनची घाऊक आयात थांबवली. त्याआधी काही वर्षेच जोसाया स्पोड यांनी स्टोक येथे साध्या मातीच्या भांड्यांवर झिलईखालचा निळा छाप यशस्वी करून दाखवला होता आणि त्यांच्याकडे कॉगलीहून आलेले थॉमस लुकस हे कोरीव कारागीर व जेम्स रिचर्ड्स हे मुद्रक काम करत होते. चिनी मालाची रिकामी झालेली जागा स्टॅफर्डशरच्या, म्हणजे स्टोक ज्या परगण्यात आहे तिथल्या, कारखान्यांनी भरून काढली, म्हणून पहिली वीस वर्षे सगळीकडे चिनी धर्तीची चित्रे दिसतात. विलो नमुना याच काळात, 1790 च्या सुमारास, स्थिरावला. पळून गेलेल्या प्रेमी युगुलाची जी कथा त्याला चिकटवली जाते, ती एका इंग्रजी मासिकात 1849 मध्ये छापून आली. म्हणजे चित्र आधीचे आणि कथा नंतरची.

1800 नंतर चिनी चित्रांचा कंटाळा आला आणि कारखानदार प्रवासवर्णनांतील चित्रांकडे वळले. येथे आपल्या थाळीचा संबंध येतो. थॉमस डॅनियल आणि त्यांचे पुतणे विल्यम हे 1786 ते 1793 या काळात हिंदुस्थानात फिरले आणि परतल्यावर त्यांनी 1795 ते 1808 दरम्यान ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने 144 चित्रे प्रसिद्ध केली. चित्रांच्या मालकी हक्काचे बंधन त्या वेळी भांड्यांना लागू नव्हते, त्यामुळे कोरीव कारागिरांनी ती चित्रे मुक्तपणे उचलली. पुष्कळदा एका चित्रातील घुमट, दुसऱ्यातील झाड आणि तिसऱ्यातील नौका जोडून एक नवेच दृश्य तयार केले. बर्स्लेमच्या जॉन रॉजर्स अँड सन यांचा ‘मोनोप्टेरोस’ नावाने ओळखला जाणारा नमुना दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याजवळील अवशेषांच्या डॅनियल-चित्रावरून घेतलेला आहे. लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्याने मदुरेच्या किल्ल्यातील दृश्य छापले. याच प्रकारची काही भांडी अशी आहेत की, त्यांच्यामागे निर्मात्याचे नाव मुळीच नसते. म्हणून आपल्या थाळीवर नाव नाही याचा अर्थ ती बनावट आहे असा होत नाही. उलट 1820 पूर्वीची बरीच चांगली भांडी बिननावाची आहेत.

याच धारेतील सर्वात देखणी मालिका स्पोड यांची ‘इंडियन स्पोर्टिंग’ होय. कॅप्टन थॉमस विल्यमसन यांच्या बंगालमधील अनुभवांवर आणि सॅम्युअल हॉविट यांच्या चित्रांवर आधारलेल्या शिकारविषयक ग्रंथातील दृश्ये सुमारे 1810 नंतर या भांड्यांवर आली. जेवणाच्या संचातील प्रत्येक आकाराच्या भांड्याला वेगळे दृश्य, काठ मात्र सर्वांना एकच, आणि मागे दृश्याचे नाव निळ्या अक्षरांत छापलेले, अशी तिची रचना आहे. जेवणाच्या बशीवर अस्वलाचा अंत दिसतो, आणि भाल्यांनी अस्वलावर तुटून पडलेली माणसे कारागिराने किती दाटीने पण किती सुटी सुटी कोरली आहेत, हे भिंगातून पाहण्यासारखे आहे. चित्र म्हणून ते क्रूर आहे आणि राज्यकर्त्यांच्या नजरेने पाहिलेले आहे. तरीही हत्तीच्या हौद्यामागे उभा राहणारा, कुत्री धरून चालणारा, घोडा सांभाळणारा हिंदी माणूस या भांड्यांवर जितक्या बारकाईने आला आहे, तितका त्या काळच्या इंग्रजी घरगुती वस्तूंत अन्यत्र क्वचितच येतो. मला ही मालिका मोलाची वाटते ती यामुळे.

आपला संग्रह याच विषयावर उभा करावा, असे मी आग्रहाने सुचवेन : इंग्रजी छापील भांड्यांवरील हिंदुस्थान. जे मिळेल ते निळे-पांढरे घेत जाणाऱ्याच्या घरी वर्षभरात फडताळ भरते, पण ज्ञान वाढत नाही. विषय अरुंद ठेवला की प्रत्येक नव्या भांड्याने जुन्यांबद्दल काहीतरी कळते. स्पोडची शिकारदृश्ये महाग आहेत. परंतु जॉन हॉल यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ याच नावाच्या भांड्यांच्या मालिकेतील गंगा-यमुनेच्या काठची दृश्ये, किंवा बिननावाच्या डॅनियल-दृश्यांच्या बश्या तुलनेने आवाक्यात असतात. विलो किंवा ‘एशियाटिक फेझंट्स’ हे नमुने व्हिक्टोरियन काळात असंख्य कारखान्यांनी काढल्यामुळे स्वस्त मिळतात. त्यांतील एकेक फुटका तुकडा मात्र जरूर घ्यावा, कारण माती, छाप आणि झिलई यांचे थर मोडलेल्या कडेवर जसे दिसतात तसे अखंड भांड्यावर कधीच दिसत नाहीत.

आता शिक्क्यांविषयी. दाबून उमटवलेला शिक्का माती ओली असताना पडलेला असतो, म्हणून छापलेल्या शिक्क्यापेक्षा तो अधिक विश्वासाचा. राजचिन्हाच्या ढालीच्या मधोमध आणखी एक लहान ढाल असेल तर ते 1837 पूर्वीचे, नसेल तर नंतरचे. पतंगासारखा चौकोन आणि त्याच्या माथ्यावर वर्तुळात रोमन चार हा आकडा असेल तर तो नमुना 1842 ते 1883 दरम्यान नोंदवलेला आहे. वर्षाचे अक्षर 1867 पर्यंत वरच्या कोपऱ्यात आणि 1868 पासून उजव्या कोपऱ्यात येते. ही तारीख नमुना नोंदवल्याची असते, भांडे घडवल्याची नव्हे. 1884 पासून चौकोन जाऊन साधा नोंदणी क्रमांक आला. ‘लिमिटेड’चे संक्षिप्त रूप दिसले तर भांडे 1855 च्या पुढचेच. मागे एखादे एकटे अक्षर, आकडा किंवा फुली असेल तर तिचा फार अर्थ लावू नये. ती बहुधा कामगारांची मजुरी मोजण्याची खूण असते.

मुंबईत मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत किंवा कोकणातील जुन्या घरांत निळा छाप दिसला की तो इंग्रजीच असेल, असे धरून चालू नये. स्फिंक्सचे चिन्ह आणि मास्ट्रिक्ट हे नाव असलेली भांडी नेदरलँड्समधील पेत्रुस रेगूट यांच्या कारखान्याची आहेत, आणि ग्लासगोच्या बेल यांची भांडी स्कॉटलंडची. ती कमी प्रतीची नव्हेत, फक्त वेगळ्या संग्रहातील आहेत. सिंह आणि युनिकॉर्न यांच्या चिन्हाखाली ‘व्हिक्टोरिया वेअर आयर्नस्टोन’ असे शब्द असतील तर मात्र भांडे घेऊ नये. ती अलीकडच्या काळात तयार केलेली नक्कल आहे. अशा नकलांची माती खडबडीत, झिलई जाड आणि तळाच्या कड्यावर झिलई नसलेली कोरडी रुंद पट्टी असते.

विकत घेण्यापूर्वी भांडे मऊ पृष्ठभागावर बोटांच्या टोकांवर तोलून धरावे आणि नखाने हलकेच वाजवावे. अखंड भांडे स्वच्छ नाद देते आणि तडा गेलेले बद्द वाजते. दुरुस्ती ओळखण्यासाठी अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा फिरवावा. रंगवून झाकलेला भाग झिलईपेक्षा वेगळा चमकतो. दुर्मीळ दृश्य असेल आणि काठाला लहानसा टवका असेल तर मी ते आनंदाने घेतो. सामान्य नमुना असेल तर अखंडच घ्यावा, कारण तो पुन्हा मिळणारच असतो. गेल्या दोन दशकांत साध्या नमुन्यांचे भाव इंग्लंडमध्ये बरेच उतरले आहेत. म्हणून गुंतवणूक म्हणून कुणी भांडी गळ्यात मारत असेल तर ऐकू नये.

परदेशी राहणाऱ्या नातलगांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. भारताच्या 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ती मूळची इंग्रजी आहे हा बचाव गृहीत धरू नये. आजोळची थाळी भावाकडे लंडनला पाठवण्याचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारणा करावी.

देखभालीत सर्वात घातक वस्तू म्हणजे ब्लीच. डाग घालवण्यासाठी ते वापरले की त्याचे क्षार झिलईखालच्या मातीत शिरतात, वाळताना फुगतात आणि काही महिन्यांनी झिलईचे पापुद्रे उडू लागतात. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. जुना डाग राहिला तर राहू द्यावा. या भांड्यांच्या झिलईत शिसे आहे, म्हणून त्यांत चिंच, कोकम, लिंबू किंवा दही असलेले पदार्थ वाढू नयेत आणि मायक्रोवेव्हमध्ये तर ती कधीच ठेवू नयेत. भिंतीवर लावताना स्प्रिंगच्या उघड्या तारांचे हँगर टाळावेत, कारण त्यांचा सततचा ताण काठावर येतो आणि जुनी सूक्ष्म चीर हळूहळू मध्यापर्यंत जाते. थाळीसारखे जड भांडे तर फडताळात लाकडी टेकूवरच उभे करावे. एकावर एक ठेवायची झाल्यास प्रत्येक दोन भांड्यांमध्ये फ्लॅनेलचा तुकडा घालावा. वर्तमानपत्र घालू नये, कारण कोकणातल्या दमट हवेत शाई झिलईच्या बारीक चिरांत उतरते.

थाळीची पक्की ओळख पटवायची असल्यास पुढीलप्रमाणे फोटो काढून पाठवावेत : समोरून पूर्ण चित्र, काठाचा सांधा जवळून, तिरप्या उजेडात संपूर्ण तळ, तिवईच्या खुणा, आणि मोजपट्टी लावून लांबी-रुंदी. काठाची नक्षी स्पष्ट दिसली पाहिजे, कारण मधले दृश्य अनेक कारखान्यांनी एकाच मूळ चित्रावरून कोरलेले असते, परंतु काठ बहुतेक वेळा ज्याचा त्याचा स्वतंत्र असतो, आणि बिननावाच्या भांड्याचा निर्माता काठावरूनच सापडतो.